डिटेक्टर काचेवर कुठे लावायचा आणि तो ओरडला की काय समजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत एडिसनला राहता, हायवे २८७ आणि मग ७८ असा रोजचा रस्ता आहे, गेल्या महिन्यात वेगाचं तिकीट मिळालं, म्हणून आता रडार-लेझर डिटेक्टर, म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गन आसपास असली की ओरडून सांगणारं यंत्र, घ्यायचाय. स्वतः बसवता येईल का, की दुकानात द्यावा लागेल? लेझर खरंच पकडतो का? आणि दर दोन महिन्यांनी बहिणीकडे व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला जाता, तिकडे काही भानगड होईल का?

मी पोटापाण्यासाठी मायक्रोवेव्ह रिसीव्हरचं काम करतो. गाड्यांत डिटेक्टर बसवणं हा शनिवारचा उद्योग. आधी स्वतःच्या गाडीत, मग मित्रांच्या, मग मित्रांच्या मित्रांच्या. त्यामुळे आतलं यंत्र आणि बाहेरची वायर, दोन्हींबद्दल बोलतो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात महागात पडणारा आहे. व्हर्जिनियात खाजगी गाडीतही रडार डिटेक्टर चालत नाही. अशी बंदी असलेलं अमेरिकेतलं हे एकच राज्य, आणि जोडीला वॉशिंग्टन डी.सी. तिथल्या कायद्यात एक फट आहे: यंत्राला वीज जोडलेली नसेल आणि ते ड्रायव्हरच्या किंवा इतर कुणाच्या सहज हाताशी नसेल, तर गुन्हा होत नाही. म्हणजे नुसतं बंद करून काचेवर ठेवणं पुरत नाही, आणि ग्लोव्ह बॉक्सही नको. मी काय करतो सांगतो. हायवे ९५ वरून दक्षिणेकडे जाताना मेरीलँड हाउसला, म्हणजे रस्त्यावरच्या विश्रांतीच्या थांब्याला, चहा-कॉफीला थांबायचंच असतं. तिथे डिटेक्टर काढायचा, कव्हरमध्ये घालायचा, डिकीत बॅगांच्या खाली. परतताना पुन्हा तिथेच लावायचा. डिटेक्टर काचेला धरून ठेवणारे रबरी चोखण बिल्लेसुद्धा (सक्शन कप) काढा, कारण रिकामं स्टँड दिसलं की पोलिसाच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

आणि व्हर्जिनियात डिटेक्टरपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेग. मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, ८५ च्या वर गेलात की ते साधं तिकीट राहत नाही, 'रेकलेस ड्रायव्हिंग' होतं. म्हणजे क्लास वन मिसडिमीनर, फौजदारी गुन्हा. २,५०० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद, हे कमाल. प्रत्यक्षात एवढं क्वचित होतं, पण आपल्यातले निम्मे लोक व्हिसा नाहीतर ग्रीन कार्डच्या रांगेत असतात, आणि फॉर्मवरच्या 'कधी गुन्हा दाखल झालाय का' या रकान्यापुढे थबकायची वेळ कुणावर येऊ नये.

नायगाराला जाताना पलीकडे कॅनडात उतरणार असाल तर ओंटारियोचा नियम आणखी कडक आहे. तिथे गाडीत डिटेक्टर असणंच गुन्हा, चालू असो वा डिकीत, आणि पोलीस तो काढून घेऊ शकतात. त्या सहलीला घरीच ठेवा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांत खाजगी कारमध्ये चालतो. मोठ्या व्यापारी ट्रकांना मात्र देशभर बंदी आहे, ती केंद्राची. लष्करी तळांवरही चालत नाही. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात डिटेक्टरला हरकत नाही, पण काचेवर काय कुठे चिकटवायचं याचे नियम आहेत.

आता यंत्राकडे. पोलिसांची रडार गन रेडिओ लहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परत येतात, आणि गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरीची वारंवारता थोडी वाढलेली असते. हाच डॉप्लरचा फरक. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनला ताशी एका मैलामागे ७२ हर्ट्झ मिळतात. फरक मोजायचा, भागायचा, वेग तयार. डिटेक्टर यातलं काही मोजत नाही. तो फक्त ऐकतो की या पट्ट्यात कुणी बोलतंय का.

मग ऐकणारा बोलणाऱ्याच्या पुढे कसा जातो? आमच्याकडे गावाला शेतीची वीज रात्री यायची, तेव्हा पाणी द्यायला निघालेल्या माणसाची बॅटरी मैलभरावरून दिसायची. पण त्याला त्या बॅटरीच्या उजेडात आपण दिसायला आपण अगदी जवळ असावं लागतं, कारण उजेड आपल्यापर्यंत येऊन परत त्याच्या डोळ्यांपर्यंत जायला हवा. रडारचं तसंच. डिटेक्टरला एकेरी प्रवासाचा सिग्नल मिळतो, जो अंतराच्या वर्गाने घटतो. गनला दुहेरी प्रवासाचा प्रतिध्वनी लागतो, तो अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. डिटेक्टरचा सगळा धंदा या एका फरकावर उभा आहे.

आणि त्याच उदाहरणात त्याची मर्यादाही आहे. बॅटरीवाल्याने बॅटरी विझवून ठेवली आणि तुम्ही समोर आल्यावरच लावली तर? याला 'इन्स्टंट-ऑन' म्हणतात. गन तयार ठेवायची, पण बटण फक्त संशयित गाडी जवळ आली की दाबायचं. अशा वेळी तुम्हाला वाचवते ती तुमच्या पुढे अर्धा-एक मैल धावणारी गाडी. तिच्यावर बटण दाबलं की त्याचा शिडकावा तुमच्या डिटेक्टरला लागतो: एक-दोन सेकंदांचा छोटा आवाज, मग शांतता. नवशिका माणूस ही शांतता म्हणजे धोका गेला असं समजतो. नेमकं उलट आहे. रिकाम्या रस्त्यावर रात्री सगळ्यात पुढे तुम्हीच असाल, तर पाचशे डॉलरचं यंत्रही तुम्हाला तिकीट मिळाल्याची बातमी तेवढी देईल.

बँड, म्हणजे वारंवारतेचे हे पट्टे, तीन. एक्स बँड, १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, जुना. आज बहुतेक वेळा दुकानाचं सरकतं दारच असतं. के बँड, २४.०५ ते २४.२५. के-ए बँड, ३३.४ ते ३६. आजचे बहुतेक हायवे पोलीस के-ए वापरतात, आणि त्यातही गन ठरावीक तीन जागांच्या आसपास बोलतात: ३३.८, ३४.७, ३५.५. म्हणून डिटेक्टर घेताना आकडा दाखवणारा घ्या. नुसतं 'के-ए' असं लिहून लाल दिवा लावणारा नको. ३४.७ दिसलं की मी दुसरा विचार करत नाही, पाय उचलतो. ३३.९९ नाहीतर ३५.१ असं काही अधलंमधलं दिसलं, तर बऱ्याचदा शेजारच्या गाडीतला स्वस्त डिटेक्टर स्वतःच गळत असतो. हो, डिटेक्टरही गळतात. आत एक छोटा ऑसिलेटर असतो, त्याची थोडी लहर बाहेर निसटते. व्हर्जिनिया आणि कॅनडातले पोलीस हीच गळती हुंगणारं यंत्र वापरतात, म्हणजे डिटेक्टर पकडणारा डिटेक्टर. 'माझा मॉडेल गळत नाही' या भरवशावर मेरीलँड हाउस टाळू नका.

के बँडमध्ये खरी डोकेदुखी आहे. गाड्यांच्या मागच्या बंपरात बसवलेले 'ब्लाइंड स्पॉट' सेन्सर बरीच वर्षं २४ गिगाहर्ट्झवरच येत होते. नव्या गाड्यांत ते ७७ च्या आसपास गेलेत, पण रस्त्यावर जुन्या गाड्या लाखांनी आहेत. ओक ट्री रोडवर, आपल्या देशी बाजारात, शनिवारी संध्याकाळी जुना डिटेक्टर चालू करून जा: प्रत्येक किराणा दुकानाचं दार, फार्मसीचं दार, बाजूने जाणारी प्रत्येक दुसरी एसयूव्ही, सगळी एकाच सुरात. दहा मिनिटांत बायको प्लग उपटेल, आणि बरोबरच करेल. म्हणून मॉडेल निवडताना जास्तीत जास्त रेंज हा एकच आकडा बघू नका. के बँडची चाळणी, म्हणजे खोटे सिग्नल गाळण्याची सोय, किती चांगली आहे आणि जीपीएस आहे का, हे बघा. जीपीएसवाला डिटेक्टर रोजच्या रस्त्यावरची ठरावीक दारं लक्षात ठेवून गप्प बसतो. इंटरनेटवरून जुना स्वस्तात घ्यायचा मोह टाळा, कारण त्याची चाळणी त्या काळच्या रस्त्यासाठी होती.

बाणांचं काय, असं विचाराल. पुढे, बाजूला, मागे असे बाण दाखवणारा व्हॅलेंटाइन वन १९९२ चा. त्याचा निर्माता माइक व्हॅलेंटाइन आधी सिनसिनाटीत एस्कॉर्टच्या संस्थापकांपैकी, आणि एस्कॉर्ट १९७८ चा. १९७४ मध्ये देशभर ५५ मैलांची मर्यादा आली आणि मोकळ्या रस्त्यावरचे वैतागलेले ड्रायव्हर हेच या यंत्रांचं पहिलं गिऱ्हाईक झाले. ती मर्यादा १९९५ मध्ये गेली, यंत्रं राहिली. आज बाण इतर कंपन्यांच्या वरच्या मॉडेलांतही आहेत. तुमचा ७८ चा रस्ता बघता माझं मत: बाण घ्या. सिग्नल मागून येतोय हे कळलं की तो गेलेला आहे की मागे लागलाय, हा प्रश्न तरी पडतो. बाण नसला की पोलिसाला ओलांडून गेलो हे कळतच नाही.

आता बसवणं. इथे लोक घाई करतात आणि मग यंत्राला दोष देतात.

काच आधी तपासा. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत ऊन परतवणारा धातूचा पातळ थर असतो, काहींत बर्फ वितळवायला बारीक तारा असतात. दोन्ही रडारला भिंतीसारखे. गाडीच्या पुस्तकात ई-झेडपास (टोलचा टॅग) काचेच्या अमुकच चौकोनात लावा असं लिहिलं असेल, तर समजा की बाकीच्या काचेवर थर आहे आणि तो चौकोन उघडा सोडलाय. डिटेक्टरलाही तोच चौकोन लागतो. मी हे स्वतःच्या गाडीवर शिकलो. नवी गाडी, नवा डिटेक्टर, आणि पहिल्या महिन्यात तो जवळजवळ काही बोलेच ना. आमच्या घराजवळच्या शाळेपाशी 'तुमचा वेग' दाखवणारा फलक आहे. असे बरेच फलक के बँडचं चालू रडारच असतात, म्हणजे फुकटची तपासणी. काचेच्या आत डिटेक्टर त्या फलकाला एका गल्लीच्या अंतरावरून ऐकत होता. मुलाला बाजूला बसवून त्याच्या हातात, खिडकीबाहेर धरून नेला, तर चार गल्ल्यांवरून. यंत्र ठणठणीत होतं, काच खात होती. डिटेक्टर आरशाखालच्या उघड्या चौकोनात हलवला आणि प्रश्न मिटला. तुमच्याकडेही असा फलक असेलच. बसवण्याआधी आणि नंतर तिथून एकदा जा.

जागेबद्दल दोन मतं आहेत. डॅशबोर्डवर खाली ठेवला तर बाहेरून कमी दिसतो आणि लेझर जरा बरा ऐकू येतो, कारण लेझरचा नेम नंबरप्लेट नाहीतर हेडलाइटवर असतो. वर, आरशाच्या उंचीला लावला तर पुढच्या गाडीच्या टपावरून सिग्नल येतो, मागच्या काचेतून मागचंही ऐकू येतं, आणि स्क्रीन बघायला नजर रस्त्यावरून खाली न्यावी लागत नाही. मी वर लावतो. आरशाच्या ड्रायव्हरकडच्या बाजूला, वरच्या गडद पट्टीच्या खाली. एक पथ्य पाळा: नव्या गाड्यांत आरशामागे लेन ओळखणारा कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर असतो. कॅमेऱ्याच्या नजरेत डिटेक्टरचा कोपराही येता कामा नये. गाडीला लेन दिसली नाही तर ती आपोआप ब्रेक मारण्याच्या बाबतीतही गोंधळते.

डिटेक्टर रस्त्याला समांतर हवा. काच तिरकी असल्यामुळे तो हमखास नाक वर करून बसतो आणि आभाळ ऐकत राहतो. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप त्याच्या पाठीवर ठेवून एकदा नीट करा. चोखण बिल्ले चिकटवण्याआधी काच स्पिरिटने पुसा आणि बिल्ले कोमट पाण्यात बुडवून काढा. तरीही जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तो पडणार आहे. बिल्ले पडतात, त्याला इलाज नाही. म्हणूनच वायर अशी ओढा की पडला तरी ब्रेकच्या पायाखाली जाणार नाही.

वायर. सिगारेट लायटरमधून लोंबती वायर चालते, पण रोज गियरला अडकते आणि चोराला बोलावते. दोन चांगले रस्ते आहेत.

पहिला, आरशातूनच वीज घेणं. रात्री आपोआप काळवंडणारा आरसा असेल तर त्याला १२ व्होल्टची वायर आलेलीच असते. तिथून वीज घेणाऱ्या छोट्या केबल बाजारात मिळतात. पाच-सहा इंच वायर, काम दहा मिनिटांचं. पण कुठल्या पिनवर वीज आहे ते मल्टिमीटरने बघा, इंटरनेटवरच्या रंगांवर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले मी पाहिलेत.

दुसरा, फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप वापरून, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा आणि नव्या वायरला वेगळ्या फ्यूजमधून वीज देणारा जोड. सकाळच्या उजेडात करा. आधी फ्यूजचा आकार ओळखा: मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो-२, एकाचा टॅप दुसऱ्यात जबरदस्तीने घुसवला तर पकड सैल होते आणि मग कधीतरी तिथेच तापतं. मग मीटर लावून असा फ्यूज शोधा की जो गाडी चालू असतानाच जिवंत असेल आणि बंद केल्यावर काही मिनिटांत मरेल. मागचा वायपर, सीट गरम करण्याचा, अशातला. एअरबॅग, ब्रेक, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. फ्यूज काढल्यावर दोन पायांपैकी कुठल्या पायावर वीज येते ते बघा आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना वीज देणारा पाय त्याच बाजूला बसवा. उलटा बसला तर डिटेक्टर चालेल, पण त्याचा करंट आधीच्या फ्यूजमधूनही जाईल. डिटेक्टरसाठी २ अँपियरचा फ्यूज भरपूर झाला. तो अर्धा अँपियरही क्वचित खातो. ग्राउंडची (ऋण) वायर रंगाखालच्या उघड्या धातूवर, कारखान्यानेच ग्राउंडला वापरलेल्या बोल्टवर घ्या.

'गाडी बंद केल्यावर मरणारा' यावर एवढा भर का, तर एकदा मी नेमकं तेच तपासायला विसरलो. मित्राची गाडी, घाईत कायम चालू असलेल्या फ्यूजवर जोडली. तो डिसेंबरात तीन आठवडे भारतात गेला, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये. ०.३ अँपियर म्हणजे दिवसाला सात अँपियर-तास. ६० ची बॅटरी आठवड्याभरात झोपते. तो रात्री अकराला, दोन लहान मुलं आणि लोणच्याच्या बरण्यांनी भरलेल्या चार बॅगा घेऊन मेलेल्या गाडीपाशी उभा. केबल घेऊन मीच गेलो, आणि रस्ताभर दोघांपैकी कुणी फारसं बोललं नाही.

वायर नेताना काचेच्या वरच्या कडेने, छताच्या कापडाच्या आत. त्यासाठी जुनं प्लास्टिकचं कार्ड उत्तम. स्क्रू ड्रायव्हर नको, कापड फाटतं आणि ते कधीच पूर्ववत होत नाही. मग येतो काच आणि दार यांच्यातला खांब. बहुतेक गाड्यांत त्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग दडलेली असते, आणि खांबाच्या कव्हरवर बारीक अक्षरात 'एअरबॅग' लिहिलेलं असतं. वायर तिच्यावरून गेली तर एअरबॅग उघडताना वायर आणि डिटेक्टर दोन्ही तुमच्या तोंडावर येतील. वायर एअरबॅगच्या मागून, कारखान्याने आधीच नेलेल्या जुडग्याला बांधून न्यायची. कव्हर निघताना एक पट्टीवाली क्लिप असते, काही कंपन्यांची ती एकदाच वापरायची असते. डीलरकडून नवी आणून हाताशी ठेवा, किंवा हा सगळा भाग नको वाटत असेल तर सरळ आरशाचा रस्ता घ्या. दुकानात द्यायची गरज मला इथेच वाटते: आरशात वीज नाही आणि खांबात एअरबॅग आहे, अशा गाडीला.

पुढच्या जाळीमागे अँटेना आणि बंपरात लेझरचे सेन्सर बसवायचे, आत फक्त छोटी स्क्रीन, असाही प्रकार असतो. दिसायला सुरेख, खर्च दोन-तीन पट. प्लास्टिकच्या बंपरामागून रडार जातं, पण बंपराच्या आतल्या धातूच्या दांड्यामागून नाही. रोजच्या ऑफिसच्या गाडीला हे कशाला, असं माझं मत.

आता वापरणं. पहिले दोन आठवडे वेग होता तसाच ठेवा आणि नुसतं ऐका. कुठे कुठला बँड वाजतो, किती जोरात, कसा चढतो. खरा सिग्नल सरळ रस्त्यावर हळूहळू चढतो, टेकडीचा माथा ओलांडला की एकदम उसळतो. शेजारच्या गाडीचा सेन्सर एकदम जोरात येतो, ती गाडी पुढे-मागे झाली की तिच्याबरोबर हलतो. दाराचा सिग्नल तुम्ही हललात की बाजूला राहतो. हे कान तयार झाल्याशिवाय आवाज कमी करणारे, बँड बंद करणारे मेन्यू हलवू नका. मग रोजच्या रस्त्यावरची दारं जीपीएसमध्ये एकेक करून गप्प करा. एक्स बँड बंद करणारे पुष्कळ आहेत. मीही शहरात करतो.

के-ए वाजलं की ब्रेकवर उडी नको. पाय उचला, आरशात मागे बघा, मग गरज असेल तर हळू ब्रेक. दचकून मारलेल्या ब्रेकने गाडीचं नाक खाली जातं, ते पोलिसाला लांबूनही दिसतं, आणि मागच्या ट्रकवाल्याला तुमच्या डिटेक्टरची काही कल्पना नसते. आणि पोलिसाला ओलांडल्यावर लगेच वेग वाढवू नका. गस्तीच्या गाडीतलं रडार चालत्या गाडीतूनही मोजतं, दुभाजकापलीकडून समोरून येणाऱ्यालाही. बाण मागे वळल्यावर दोन-तीन मैल तसेच जा.

लेझर. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. रडारचा झोत साधारण बारा अंशांचा, हजार फुटांवर दोनशे फूट रुंद. त्यामुळे तो सगळीकडे सांडतो आणि डिटेक्टरला ऐकू येतो. लेझर गनचा अवरक्त झोत हजार फुटांवर जेमतेम तीन फूट, म्हणजे एका गाडीच्या नंबरप्लेटभोवती. ती प्रकाशाचे ठोके सोडून परत यायला लागणारा वेळ मोजते, आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण एक फूट जातो, म्हणजे अंतर तिला अचूक कळतं. सेकंदाच्या एक-तृतीयांशात वेग हाती. काचेवरचा डिटेक्टर 'लेझर' ओरडला याचा बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की मोजून झालं. कधीतरी पुढच्या गाडीवरून उडालेला शिंतोडा मिळतो, तेवढाच फायदा. मागे ७८ वरच, ६५ मैल मर्यादेच्या रस्त्यावर, पुलाच्या सावलीत उभ्या ट्रूपरने, म्हणजे राज्य पोलिसाने, मला असंच धरलं. डिटेक्टर ओरडला तेव्हा काटा ८१ वर होता. तिकिटावर ७९ आलं, कारण काटे जरा जास्तच दाखवतात. न्यू जर्सीत मर्यादेच्या वर १४ पर्यंत लायसन्सवर दोन पॉइंट (दोषाचे गुण), १५ पासून २९ पर्यंत चार. मी नेमका १४ वर होतो. त्या एका मैलाबद्दल मी अजूनही गाडीच्या काट्याचे आभार मानतो.

लेझर जॅमर, म्हणजे पोलिसांच्या गनला गोंधळवणारं यंत्र, याबद्दल विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल म्हणून: कॅलिफोर्निया, टेक्सास, व्हर्जिनिया अशा काही राज्यांत तो बेकायदा आहे. रडार जॅमर मात्र देशभर गुन्हा आहे, तो केंद्राच्या दळणवळण कायद्याखाली येतो, आणि दंड मोठा. इंटरनेटवर 'दोन्ही जॅम करतो' असं लिहून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

आणि काही गोष्टींबद्दल डिटेक्टर मुकाच राहणार. मागे लागून तुमच्याच वेगाने गाडी चालवून वेग मोजणारा पोलीस. रस्त्यावरच्या दोन खुणांमधला वेळ घड्याळाने मोजणारा. पेनसिल्व्हेनियात वर्षानुवर्षं रडार फक्त राज्य पोलिसांकडे होतं, गावोगावचे पोलीस घड्याळाच्याच पद्धती वापरत आले. त्यामुळे ईस्टनच्या पलीकडे छोट्या गावातून जाताना डिटेक्टर शांत असणं याला काही किंमत नाही. न्यूयॉर्क शहरातले शाळांजवळचे कॅमेरे ऑगस्ट २०२२ पासून चोवीस तास चालू आहेत. मर्यादेच्या वर दहापेक्षा जास्त गेलात की ५० डॉलर घरपोच. त्यासाठी वेझसारखं, इतर ड्रायव्हर पोलीस आणि कॅमेरे कळवतात ते रस्त्याचं अ‍ॅप शेजारी चालू ठेवा. मी दोन्ही वापरतो. अ‍ॅपला पोलीस आधी कुणाला तरी दिसलेला असावा लागतो; डिटेक्टरला तो दिसायची गरज नसते, फक्त त्याने बटण दाबलेलं असावं लागतं.

एक जण दर वर्षी विचारतो म्हणून हेही लिहून टाकतो: 'जुना डिटेक्टर पुण्याला नेऊन भावाच्या गाडीत लावला तर?' नेऊ नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर आता कॅमेरे नंबरप्लेट वाचून दोन ठिकाणांमधल्या वेळावरून सरासरी वेगही काढतात. त्यात ऐकण्यासारखी लहरच नाही. इथल्या बँडांसाठी घडवलेलं यंत्र तिथे टोलनाक्याजवळच्या मॉलच्या दाराला ओरडत बसेल.

तुमच्या गाडीचं मॉडेल लिहिलेलं नाही. ते लिहा, आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात जो बारीक छापा असतो त्याचा व फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या नकाशाचा फोटो टाका. काचेवर थर आहे का आणि कुठला फ्यूज घ्यायचा, हे त्यावरून बहुतेक सांगता येईल.